चार रविवार आणि चार ग्रामसभा



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे कॉम्प्युटरसमोर बसायला घरातून बंदी होती. आता ती बंदी उठली आहे (म्हणजे मीच उठवली आहे!). शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर डोळ्याच्या खात्यावर टाका.

आज जरा लांबच्या देशाबद्दल लिहायचे आहे. पण शेवट आमच्या गावातच होणार आहे, आणि तो माझ्या फारसा सोयीचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी धाकटी पुतणी काही वर्षांपासून स्वित्झर्लंडमध्ये बासेल या शहरात राहते. औषधांच्या कंपनीत संशोधनाचे काम करते. रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. "मोठेबाबा, जेवलात का?" हा पहिला प्रश्न आणि "तिकडे धान कसं आहे?" हा दुसरा. मार्च २०२४ मधल्या अशाच एका रविवारी ती म्हणाली, "मोठेबाबा, आज इथं तुमच्या कामाचं मतदान आहे. पेन्शनचं!"

मी कान टवकारले. पेन्शन म्हटले की आम्हा निवृत्त मास्तरांचे कान आपोआप टवकारतात.

झाले असे होते, की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तेव्हा सरकारी पेन्शनचे वर्षाला बारा हप्ते मिळायचे. ते तेरा करावेत, अशी मागणी एका गटाने सह्या गोळा करून केली होती. त्यावर सगळ्या देशाने मतदान करायचे होते. त्याच दिवशी दुसराही एक प्रश्न होता, निवृत्तीचे वय ६५ वरून ६६ करावे का? पुतणीच्या शेजारी एक आजीबाई राहतात. त्यांच्याकडे काही आठवडे आधीच पोस्टाने एक जाड पाकीट आले होते. त्यात मतपत्रिका, आणि सोबत एक पुस्तिका. प्रश्न काय आहे, बाजूने काय म्हणणे आहे, विरोधात काय म्हणणे आहे, सरकारचे स्वतःचे मत काय, सगळे त्यात छापलेले. आजीबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून ते वाचले, खुणा केल्या आणि पाकीट परत पोस्टात टाकले. झाले मतदान!

३ मार्च २०२४ ला निकाल लागला. तेरावा हप्ता ५८ टक्के लोकांनी मंजूर केला. निवृत्तीचे वय वाढवायला मात्र चारातल्या तिघांनी नकार दिला. सरकारचे आणि संसदेचे मत तेराव्या हप्त्याच्या विरुद्ध होते. तरी लोकांचे चालले.

मला लगेच आमच्याकडचा मार्च २०२३ आठवला. जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातले कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते. आम्ही जुन्या माणसांनी पेन्शन घेतली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्याच विद्यार्थ्यांना ती नाही. दोन्हीकडे प्रश्न म्हातारपणाचाच. तिथे तो पाकिटातून घरी आला, इथे तो रस्त्यावर गेला. हे का, याचा विचार करत होतो. तेव्हापासून या देशाबद्दल मिळेल ते वाचत बसलो आहे.

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचो. स्वित्झर्लंड म्हणजे आल्प्स पर्वत, घड्याळे, चॉकलेट आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, एवढे फळ्यावर लिहून मी पुढच्या देशावर जायचो. मुलांना त्यापेक्षा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधले स्वित्झर्लंड जास्त माहीत असायचे. दोघांच्याही स्वित्झर्लंडमध्ये माणसे नव्हती, हे आता लक्षात येते.

देश केवढा? आपल्या नागपूर विभागाचे सहा जिल्हे एकत्र केले, तर त्यांच्यापेक्षाही लहान. क्षेत्रफळ सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. समुद्र नाही. कोळसा, तेल यांच्या खाणी म्हणाव्या अशा नाहीत. अर्ध्याहून जास्त देश डोंगरात. भाषा एक नाही, चार: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. आपल्याकडे दोन भाषांवरून राज्ये फुटतात, तिथे चार भाषांचे लोक १८४८ च्या राज्यघटनेपासून एकत्र नांदताहेत. आणि पैसा? जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणना. घड्याळे आहेतच, पण खरी कमाई औषधे, रसायने, यंत्रे, बँका आणि विमा यांची.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तो पैसा आपल्याच काळ्या पैशावर उभा आहे! मीही बरीच वर्षे हेच म्हणत होतो. त्यात खोटे आहे असे नाही. बँकांच्या गुप्ततेवर त्या देशाने कित्येक दशके कमाई केली, आणि ती कमाई कुठून येते हे विचारले नाही. सप्टेंबर २०१९ पासून भारतीयांच्या खात्यांची माहिती तिथून आपल्या सरकारला दरवर्षी आपोआप मिळते, म्हणजे तो पडदा आता बराच फाटला आहे. पण नुसत्या चोरीच्या पैशावर गावोगाव शाळा, रेल्वे आणि दवाखाने शंभर वर्षे चालत नाहीत. त्यामागे दुसरे काही असावे लागते. ते काय, एवढेच मला शोधायचे होते.

त्यांची राज्यपद्धती थोडक्यात सांगतो. सात जणांचे मंत्रिमंडळ. त्यांना संसद निवडते. मोठे चार पक्ष मिळून सरकार चालवतात, त्यामुळे सत्ताधारी आणि विरोधक हा आपल्यासारखा रोजचा तमाशा नाही. राष्ट्राध्यक्षपद या सातांत दरवर्षी फिरते. आपल्या वर्गात मॉनिटर बदलायचो ना, अगदी तसे. खाली २६ प्रांत, त्यांना कँटन म्हणतात, आणि त्याखाली सुमारे २१०० गावे-शहरे. संसदेने केलेला कायदा पटला नाही, तर शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या गोळा करा, तो लोकांपुढे मतदानाला येतो. राज्यघटनेतच बदल हवा असेल तर दीड वर्षात एक लाख सह्या. असे मतदान वर्षातून चार रविवारी होऊ शकते.

चार रविवार! इथे मी थांबलो. कारण आपल्याही कायद्यात वर्षाला चार ग्रामसभा सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तर आम्हाला तोंडपाठ. म्हणजे कागदावर बघितले तर आमचे गाव आणि बासेलच्या आजीबाई, दोघांना सारखेच चार दिवस मिळाले आहेत. मग फरक कुठे आहे?

फरक पैशात आहे, असे माझे मत झाले आहे. पैसा किती यात नव्हे, पैसा कुठे आहे यात.

तिथे माणूस प्राप्तिकर तीन ठिकाणी भरतो: देशाला, प्रांताला आणि गावाला. गावाचा कराचा दर गाव ठरवते. बहुतेक गावांत त्यासाठी लोकांची सभा भरते, आणि अंदाजपत्रक व कराचा दर तिथे मंजूर करून घ्यावा लागतो. शाळेला नवी इमारत हवी? बांधा, पण तुमचा कर इतका वाढेल. हात वर करणाऱ्याला ठाऊक असते, की आपण आपल्याच खिशाला हात घालतो आहोत. सगळे लोक सभेला येतात असे अजिबात नाही. मोठ्या गावांत तर फार थोडे येतात. पण जे ठरते ते तिथेच ठरते, हे न येणाऱ्यालाही माहीत असते.

याहून मोठे आश्चर्य पुढे आहे. देशाच्या सरकारला प्राप्तिकर घेण्याची जी परवानगी आहे, तीसुद्धा मुदतीची आहे! मार्च २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून ती २०३५ पर्यंत वाढवून दिली, आणि शंभरातल्या ८४ जणांनी होकार दिला. सरकार लोकांना विचारते, की 'आम्ही आणखी काही वर्षे तुमच्याकडून कर घेऊ का?', आणि लोक म्हणतात, 'घ्या'. मी हे पुन्हा पुन्हा वाचले.

ज्याच्या खिशातून जाते तो विचार करतो, याचे आणखी एक उदाहरण. मार्च २०१२ मध्ये त्यांना विचारले होते, की प्रत्येक नोकरदाराला वर्षाला चाराऐवजी सहा आठवड्यांची भरपगारी रजा द्यायची का? दोन तृतीयांश लोकांनी 'नको' म्हटले. मी हे एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "गुरुजी, हे लोक बिमार आहेत का?" बिमार नाहीत. रजेचा खर्च शेवटी आपल्याच रोजगारातून निघणार, हा हिशेब त्यांनी घरी बसून केला होता.

आता आमच्या झाडीपट्टीकडे येतो. इथेही गावाच्या हातात गावाची दौलत कधीच नव्हती असे नाही. आमची दौलत म्हणजे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, इथे 'मामा'चा नात्याशी संबंध नाही. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा! गोंड राजांच्या काळापासून, मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव त्यातलाच. पाळ कुठे घालायची, पाट कुठून न्यायचा, कोणाच्या बांधीत आधी पाणी जाईल, हे सगळे गावात ठरायचे. पाळ फुटली तर रात्री कंदील घेऊन अख्खे गाव धावायचे.

१९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली. जाणे आवश्यकच होते. त्या पद्धतीत वेठबिगार होती, जुलूम होता, आणि तिचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. पण मालगुजाराकडून तलाव गावाकडे यायला हवा होता, तो गेला सरकारकडे. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गावाकडे काय राहिले? गाळ. मालगुजाराचा होता तोवर गाव भीतीने धावायचे. गावाचा झाला असता तर हक्काने धावले असते. सरकारचा झाला, तेव्हा कोणी धावेनासे झाले. माझ्या लहानपणी ज्या तलावात आम्ही पोहायचो, त्यात आता बेशरमाची झुडपे आहेत.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात टोर्बेल नावाचे एक खेडे आहे. तिथल्या लोकांनी १४८३ मध्ये गावाच्या कुरणांची नीट व्यवस्था लावण्यासाठी एक संघ केला. १५१७ पासून त्यांचा नियम असा, की जेवढी जनावरे तुम्ही हिवाळ्यात आपल्या घरच्या चाऱ्यावर पोसू शकता, तेवढीच उन्हाळ्यात गावाच्या कुरणावर सोडायची. एक शेपूटही जास्त नाही. ज्याच्या घरी तणीस नाही, त्याने गावाच्या गवतावर श्रीमंत होऊ नये! मोडेल त्याला दंड. कुरण उरले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी अशा गावांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सांगणे साधे होते. सामायिक वस्तू म्हटली की ती नासणारच असे नाही. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि स्वतः राखण केली, तर ती शतकानुशतके टिकते.

हे वाचून वाटेल, तिकडे डोंगरात चालते, इकडे कुठले! पण आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. शंभरेक घरांचे गोंड आदिवासींचे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे तुम्ही ऐकली असतील. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरते. एकाचे जरी पटले नाही, तरी पुन्हा बसायचे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वन खात्याच्या हातात. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. त्यानंतर गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला, मजुरी दिली, उरलेले ग्रामसभेच्या खात्यात ठेवले आणि त्याचा हिशेब सभेत वाचून दाखवला.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातही देवरी आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यांतल्या काही ग्रामसभांनी वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता स्वतः गोळा करून विकायला घेतला. ज्यांनी आयुष्यभर ठेकेदाराच्या फडीवर पुडके मोजून दिले, ते आता लिलावाच्या अटी ठरवतात. अशा एका गावची सभा मी पाहिली आहे. एका पाहुण्याबरोबर गेलो होतो. बोनसचा हिशेब चालला होता. एक आजी, मला वाटते सही पण करत नसतील, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागच्या साली इतके आले, औंदा कमी काऊन?" सचिवाला उत्तर द्यावे लागले. त्या आजी आणि बासेलच्या आजी यांच्यात मला काहीच फरक दिसला नाही. दोघींना पैसा आपला आहे हे माहीत होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की लोकशाही ही शिकवण्याची गोष्ट कमी आणि सोपवण्याची जास्त आहे. 'आमचे लोक अडाणी, त्यांना काय कळते' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये हजार वेळा ऐकले, दोनचार वेळा स्वतः म्हटलेही असेल. लोकांना कळते. त्यांच्या हातात काही नसते, म्हणून ते लक्ष घालत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) निधी गावात यायचा, त्यातला साठ टक्के कशावर खर्च करायचा हे वरूनच ठरलेले. पाणी आणि स्वच्छता. विषय चांगलेच आहेत. पण पैसा वरून, यादी वरून आणि तपासणी वरून. मग गावाने सभेत येऊन करायचे काय? टाळ्या वाजवायच्या?

लहान असणे पुरेसे नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. आमच्या विदर्भात लहान राज्याची मागणी जुनी आहे. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. मी स्वतः तरुणपणी त्या बाजूचा होतो, अजूनही बराचसा आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. सालेकसा-देवरीच्या माणसाला आता भंडाऱ्यापर्यंत जावे लागणार नाही, हा आनंद खरा होता, आणि त्या सोयीला मी कमी लेखत नाही. पण साहेबाचे ऑफिस जवळ आले, निर्णय तिथेच राहिला. मुंबई जाऊन नागपूर आले आणि खालचे काही बदलले नाही, तर आमच्या तलावाचा गाळ कोण काढणार?

आता दुसरी बाजू, कारण नुसती आरती करणे माझ्या स्वभावात नाही. या थोर लोकशाहीने आपल्या बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क दिला तो १९७१ मध्ये! का, तर हक्क द्यायचा की नाही यावर मतदान करणारे सगळे पुरुष. अॅपेंझेल इनररोडन नावाच्या प्रांतात मोकळ्या मैदानात जमून हात वर करून मतदान होते. तिथल्या पुरुषांनी तर १९९० पर्यंत बायकांना मैदानात उभे राहू दिले नाही. शेवटी कोर्टाने भाग पाडले. माझी आई १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मत देऊन आली होती, शाळा न शिकलेली. या बाबतीत आपण त्यांना धडे द्यावेत.

दुसरे, माझी पुतणी तिथे कर भरते पण मत देऊ शकत नाही. तिथल्या चार माणसांतला एक तरी असा परदेशी आहे. आणि तिसरे, मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस ही त्यांची प्रचंड बँक बुडायला आली, तेव्हा एका रविवारी सरकारने आणीबाणीचे अधिकार वापरून ती यूबीएसच्या गळ्यात बांधली. लोकांना विचारले नाही. पुढच्या महिन्यात संसदेच्या एका सभागृहाने नापसंतीचे मत दिले, पण तोवर काम होऊन गेले होते. मोठ्या पैशाची वेळ आली की लोकांचा रविवार तिथेही बाजूला राहतो.

तरीही. चुकले तर सुधारण्याची कळ त्यांनी लोकांच्या हाताजवळ ठेवली आहे. २००६ मध्ये ग्लारुस प्रांताच्या मैदानातल्या सभेत गावे एकत्र करण्याचा विषय होता. सरकारचा प्रस्ताव पंचविसांची दहा गावे करण्याचा. एका साध्या नागरिकाने उठून सुचवले, दहा कशाला, तीनच करा. सभेने ते मान्य केले आणि २०११ पासून तीन गावे झाली. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे यावर २०२३ मध्ये समूह शाळांची योजना आली. ती बरी की वाईट हा वेगळा लेख होईल. पण ज्या गावची शाळा उठणार, त्या गावच्या सभेचा शब्द शेवटचा का असू नये? कदाचित गाव म्हणेल, ठेवा. कदाचित म्हणेल, न्या, पण गाडी द्या. ग्लारुसच्या लोकांनी आपली गावे आपल्या हाताने बुडवली आणि त्यांना ते लागले नाही, कारण हात त्यांचा होता.

आता तो गैरसोयीचा शेवट.

आपल्या कायद्यात ग्रामसभेची गणपूर्ती आहे: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, जे कमी असेल ते. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. झाली पळवाट. किंवा मग रजिस्टर घरोघरी फिरते. निवृत्तीनंतर किमान पाच-सहा वेळा शिपाई माझ्या घरी रजिस्टर घेऊन आला. "गुरुजी, सही मारा." मी मारली. चहासुद्धा पाजला. सही वर्तमानपत्र वाचता वाचता केली, वरचा ठराव वाचला नाही. चाळीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने.

हे सगळे वाचन झाल्यावर लाज वाटली, आणि गेल्या २ ऑक्टोबरला मी ग्रामसभेला गेलो. तीसेक माणसे होती. सतरंजीवर बसता येत नाही म्हणून मला खुर्ची दिली. विषय संपत आले तेव्हा मी उभा राहिलो आणि जरा भाषणाच्या सुरात विचारले, की गावाची घरपट्टी किती जमते आणि ती कशावर खर्च होते, हे सभेत वाचून दाखवावे.

ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) म्हणजे एक तरुण मुलगी आहे. तिने रजिस्टर उघडले. पाने उलटली. मग हळूच म्हणाली, "सर, वाचते. पण रागावू नका. थकबाकीच्या यादीत तुमचं पण नाव आहे. तीन वर्षांचं."

सभेत हसू पिकले. मागून माझाच एक जुना विद्यार्थी, आता तोही आजोबा झाला आहे, ओरडला, "गुरुजी, अंगठे धरा!"

मीही हसलो, दुसरे करणार काय? खरे सांगायचे तर घरपट्टी माझ्या लक्षातच नव्हती. इन्कम टॅक्सचा फॉर्म मी मुलाकडून वेळेवर भरून घेतो, विजेचे बिल एक दिवस चुकत नाही. पण गावचा कर? कोण विचारतो! आणि ज्याने दिले नाही, त्याने विचारायचे तरी कोणत्या तोंडाने? टोर्बेलच्या नियमात मी बसत नव्हतो. घरी तणीस नसताना गावाच्या गवतावर चरत होतो.

तिने मग घरपट्टीचा जमाखर्च वाचून दाखवला. जमा थोडी, थकबाकी फार. खर्चात दिवाबत्ती, पाइपलाइन दुरुस्ती, किरकोळ. 'किरकोळ म्हणजे काय?' हे एका बाईंनी विचारले, त्यावर दहा मिनिटे बोलणे झाले. तेवढ्या दहा मिनिटांत सतरंजीवरचा एकही माणूस उठून गेला नाही, हे मी खुर्चीवरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी तीन वर्षांची घरपट्टी भरली. पावती आणली आणि पेन्शनच्या कागदांच्या फाइलमध्ये लावली. सौ. म्हणाली, "एवढं काय सांभाळून ठेवता?" मी म्हटले, पुढच्या सभेला न्यायची आहे. यावेळी तलावाचे विचारणार आहे.

असो. फार लांबले. पुतणीला हा लेख वाचून दाखवला तर ती म्हणाली, "मोठेबाबा, शेजारच्या आजींना सांगते तुमची गोष्ट." सांग म्हटले. फक्त अंगठे धरण्याचे जर्मनमध्ये कसे सांगणार, ते तिचे तिने बघावे!

तुमच्या गावची, वॉर्डाची सभा तुम्ही शेवटची कधी पाहिली, तेवढे कळवा. आणि भाऊ, वहिनी, तुम्ही हा लेख वाचत असालच, तर आपल्या जुन्या घराची पट्टी कोणाच्या नावावर आहे, तेही एकदा बघून घ्या.